उन्हात वाळवलेला कॅमेरा

बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला तसलं काही आलं तर त्याला काय म्हणायचं हे मला कोणी शिकवलं नाही, आणि शाळेत मी फार बसलोही नाही. पण माझ्या घरात ते आलं होतं. काळं, तांब्याएवढं, गळ्यात पट्टा अडकवून माझ्या बायकोच्या छातीवर लोंबायचं.

दौलतगंजात माझी पिठाची चक्की आहे. आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून इकडे उत्तरेत आले म्हणतात. मी चक्कीचा पट्टा चालवतो. बायको शाळेत शिकवायची. ती रिटायर झाली तेव्हा मला वाटलं, आता ही घरी राहील, दुपारी चहा घेऊन खाली चक्कीवर येईल, दोन घटका स्टुलावर बसेल. तिने कॅमेरा घेतला.

घेतला म्हणजे सरांनी घ्यायला लावला. सर म्हणजे कॉलेजात प्राणी शिकवायचे ते. सिटी सेंटरला फ्लॅटमध्ये एकटे राहतात. रविवारी चार-पाच माणसं गोळा करून पाखरं आणि किडे बघायला नेतात, त्यात ही एकदा गेली आणि मग जातच राहिली. कुठला कॅमेरा घ्यायचा हे ठरवायला ते आमच्याकडे आले. तखतावर बसून दोघं तासभर बोलत होते. आमच्या लग्नाची बोलणी याहून लवकर आटपली होती.

"बॉडी जुनी चालेल वहिनी," सर म्हणाले. "काच चांगली हवी. बॉडी आज ना उद्या बदलावीच लागते. काच जन्मभर टिकते."

"आमच्यात उलटं आहे," मी चष्मा काढून म्हटलं. "बॉडी तीच राहिली, काच दर वर्षी बदलतो."

सर हसले. ही हसली नाही. हिचं लक्ष लेन्सच्या चित्रात होतं.

मग त्यांनी समजावलं की छोटी लेन्स घेतली तर किड्याच्या अगदी नाकाशी जावं लागतं, आपली सावली पडते, तो उडून जातो. शंभर मिलिमीटरची घेतली तर जरा लांब राहूनही तो मोठा दिसतो. जवळचं बघायचं असेल तर थोडं लांब राहायला शिकायचं, असं म्हणाले. मी मनात म्हटलं, सर, तुम्हीही जरा लांबच राहा.

शंभराची लेन्स आली. तिच्याबरोबर घरात कायदेही आले. लेन्सवर तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. त्यासाठी रबरी फुगा आणला, तो दाबायचा. पदराने पुसायचं नाही, त्याला वेगळं मऊ कापड. काम झालं की दोन्हीकडची टोपणं लावायची, बॅटरी काढायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. डब्यात निळे दाणे असायचे, हवेतला ओलावा प्यायला. ओलावा प्यायले की ते गुलाबी व्हायचे. मग ही ते जुन्या कढईत मंद गॅसवर भाजायची, पुन्हा निळे होईपर्यंत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काहीतरी खायचं चाललंय.

"काय आहे? मला पण दे."

"दूर व्हा. खायचं नाही ते."

"मग कोणासाठी भाजतेस?"

"लेन्ससाठी. दमट हवेत बुरशी धरते तिला."

माझ्या छातीत दमट हवेने कफ धरतो, त्यासाठी हिने कधी ओवा भाजला नाही असं नाही, भाजला. पण तो असा हलवत उभी राहून नाही.

आणि सगळ्यात वरचा कायदा माझ्यासाठी. "तुम्ही हात लावू नका." का? तर माझे हात पिठाचे. त्याच हातांनी मी हिला हळद लावली, त्याच हातांनी पोरगा खेळवला, त्याच हातांनी कमावलेलं खाल्लं. साबण लावून धुतले तरी म्हणायची, "नखात आहे बघा." पीठ नखात असतंच. चक्कीवाल्याच्या नखात पीठ नसेल तर समजायचं की चक्की बंद पडली.

रविवारी पहाटे खाली सरांच्या गाडीचा हॉर्न वाजायचा. ही सलवार-कमीज घालून, डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, जिना उतरून जायची. कधी तिघऱ्याच्या धरणावर, कधी चंबळच्या काठी. मी वरून बघायचो. एकदा म्हटलं, मीही येतो. म्हणाली, "तुम्हाला गप्प बसवतं का? तुम्ही खोकलात की सगळं उडून जातं." उन्हं वर आली की परतायची, कपड्यांना कुसळं चिकटलेली, गुडघ्याला माती, तोंडावर अशी काही चमक की मला चहा कडू लागायचा.

"अहो, कोळी बघा. उड्या मारणारा. आठ डोळे आहेत त्याला."

"मला दोन आहेत. त्यांच्याकडे बघून किती दिवस झाले?"

"तुमचे काय बघायचे. पाठ आहेत मला."

हे बोलणं मी कित्येक दिवस तोंडात घोळवलं. पाठ आहेत म्हणजे चांगलं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही. तिला विचारलंही नाही.

एकदाच माझी बाजू वर झाली होती. फ्लॅशचा उजेड किड्याच्या पाठीवर चकाकतो, म्हणून त्याच्यापुढे काहीतरी पांढरं धरावं लागतं. सरांनी बाजारातून प्लास्टिकचं काही आणून दिलं. हिने ते काढून टाकलं आणि माझ्या मैदा चाळायच्या कापडाचा तुकडा लावला. उजेड असा आला जसा चक्कीच्या धुरळ्यातून सकाळी येतो. सरांनी तोंडभर कौतुक केलं. मी त्या दिवशी दोन्ही वेळा जेवताना त्याचा विषय काढला.

मागच्या थंडीत ती गेली. ताप आला, छातीत उतरला, आणि दवाखान्यातून मी एकटा परत आलो. याच्यावर जास्त लिहिता येत नाही मला.

तेराव्याला सर आले होते. जाताना जिन्यात थांबले. म्हणाले, "दादा, कॅमेरा नीट ठेवा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. जमणार नसेल तर माझ्याकडे ठेवा, माझं कोरड्या हवेचं कपाट आहे." पोराचा बंगळूरहून फोन आला, तोही तेच. "बाबा, वो सर को दे दो ना. आपण काय करणार त्याचं? पडे पडे खराब हो जाएगा."

मी म्हटलं, देणार नाही. रविवार दिले तेवढे पुष्कळ झाले.

रोज संध्याकाळी चक्की बंद केली की वर येऊन मी डबा उघडायचो. कॅमेरा बाहेर काढून टोपण काढायचो आणि त्या काचेत बघायचो. काचेत लांब आत जांभळा उजेड दिसतो, विहिरीत दिसावा तसा. आता हात लावू नका म्हणणारं कोणी नव्हतं. मग टोपण लावून परत ठेवायचो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदा पाऊस जाता जाईना. दाणे गुलाबी झाले, मग फिकट झाले. कढईत भाजायला घेतले, ते जळले. आणि पितृपक्षाच्या तोंडावर काचेत बघितलं तर पांढुरकं काहीतरी दिसलं, धुक्यासारखं. बुरशी. सरांना फोन करावा असं एकदा वाटलं, पण ते काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं होतं ना, दादा.

ओलाव्याचं औषध मला माहीत नाही असं नाही. गव्हाला वास मारायला लागला, गोधडीला ओल लागली, डाळीला सोंडे लागले, सगळ्याला आमच्याकडे एकच उपाय, ऊन दाखवायचं. आख्खा जन्म मी गहू छतावर पसरला आहे. पाऊस गेला आणि कडक ऊन पडलं तशी मी छतावर गोधडी घातली, कडुनिंबाचा पाला पसरला, मध्ये कॅमेरा ठेवला. टोपण काढलं, आणि तोंड नीट सूर्याकडे केलं, ऊन आतपर्यंत जावं म्हणून. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वर तारेची जाळी ठेवली. इतकं सगळं सुचलं. खाली जाऊन चहा केला, एका बाईचं दळण दिलं, वर आलो.

जळका वास येत होता. थोडासाच, वायर तापल्यासारखा.

बॅटरी घालून चालू केला. कुंडीवर धरला, भिंतीवर धरला, आकाशावर धरला. सगळीकडे पडद्यावर एक काळी वाकडी रेघ. लहानपणी आम्ही भिंगाने कागद जाळायचो. हे त्या वेळी आठवलं असतं तर! सूर्य सरकत गेला तशी आत रेघ सरकत गेली होती.

मी छतावरच बसलो. तिला देवाने नेलं. हे मात्र मी मारलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत घालून टेम्पोने सिटी सेंटरला गेलो. सरांच्या घरात ते कपाट बघितलं. काचेचं दार, आत मंद दिवा, वर ओलाव्याचा आकडा उमटलेला, आणि त्यांच्या लेन्सा देवघरात मांडल्यासारख्या. हिचीही तिथे अशीच बसली असती. मला कपाटाचाही राग आला.

सरांनी लेन्स काढली, आत चित्र उमटतं त्या चौकोनी तुकड्यावर टॉर्चचा उजेड टाकला. "कशाने झालं?"

"ऊन दाखवलं."

"ऊन?"

"बुरशी लागली होती."

ते लेन्स उजेडात फिरवत राहिले. पुढून बघितलं, मागून बघितलं. मग तो रबरी फुगा घेतला आणि दोनदा दाबला. काच लख्ख झाली.

"बुरशी नाही हो दादा. धूळ होती. पांढरी," ते म्हणाले आणि कडेला राहिलेली बोटावर घेऊन बघू लागले. मी त्यांना बघू दिलं नाही. मला माहीत होतं. रोज संध्याकाळी टोपण मीच काढत होतो.

"पीठ आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. हसत होते की काय, मला वाटलं, एक ठेवून द्यावी. हसत नव्हते. म्हणाले, "बॉडी गेली. लेन्सला काही झालं नाही. नशीब." आणि ती हातात धरूनच राहिले. खाली ठेवेनात.

"चांगली आहे का?"

"माझ्याकडे अशी एक नाही. दादा, खरं सांगू? मी वहिनींकडे एकदा मागितली होती. चंबळवर माझी लेन्स पाण्यात पडली. म्हटलं, दहा मिनिटं द्या. म्हणाल्या, सर, माझा डबा खा हवा तर, लेन्स नाही मिळणार. सगळ्यांसमोर. कधीच हात लावू दिला नाही त्यांनी. आज पहिल्यांदा धरतोय."

मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. म्हणजे ह्यांचे हात धुतलेले, शिकलेले, तरी ह्यांनाही नाही. मी खुर्चीत नीट बसलो. चहा मागितला.

अर्धा कप झाल्यावर डोक्यात आलं.

"डबा खाल्ला का मग?"

"हो. मेथीचे पराठे असायचे. तुमच्याच पिठाचे."

"असायचे म्हणजे दर वेळी?"

सरांनी बिस्किटाची बशी पुढे केली.

ते म्हणाले, ही लेन्स त्यांच्या कॅमेऱ्याला बसते. थंडीपुरती द्याल का? नीट ठेवीन. मी नाही म्हटलं. ती मेल्यावर तिचा शब्द मी मोडायचा कशाला. पण लेन्स परत पिशवीत घालताना हात थांबला. घरी नेऊन तिचं करणार काय? पुन्हा रोज टोपण काढणार आणि पुन्हा पीठ घालणार. ती अशी पडून राहिली तर माझ्या हाताने दुसऱ्यांदा मरेल.

"घराबाहेर जाणार नाही ही," मी म्हटलं. "तुमचा कॅमेरा घेऊन तुम्ही या. आमच्या छतावर जे सापडेल ते काढा. मी बसून राहीन. झालं की लेन्स काढून माझ्या हातात."

"छतावर काय सापडणार?"

"ते तुम्ही बघा. शिकलेले तुम्ही."

आता ते रविवारी येतात. हॉर्न वाजवत नाहीत, मी तशी ताकीद दिली आहे. छतावर ड्रमात लिंबाचं झाड आहे, ते मी लावलेलं. त्याच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तिचं पुढे फुलपाखरू होतं, असं ते सांगतात. गुडघे मोडून खाली बसतात, उठताना कठड्याला धरतात. मी खुर्ची टाकून बघत असतो. त्यांचं बोट लेन्सच्या कड्यावर फिरतं तेव्हा अजून माझ्या पोटात आग पडते. ती आग गेली नाही, आणि जाईल असं मला वाटतही नाही.

परवा त्यांनी अळीचा फोटो काढला. पडदा माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा दादा." तोंडाजवळचे बारीक केस एकेक मोजता येत होते. मागे हिरवं सगळं विरघळलेलं.

"चांगली आली," मी म्हटलं. "पण हिची याहून चांगली यायची."

"ते मला माहीत आहे," सर म्हणाले, आणि पुन्हा पानाशी वाकले.