सुरतेची अक्का आणि आमचे बिबडे

यंदा कानबाई बसली तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले, पण काही मागायला तोंड नव्हतं. आमच्याकडे श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नथ-मुखवटा घालून कानबाई बसवतात आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जनाला नेतात. बाहेर गेलेले भाऊबंद त्यासाठी साक्रीकडच्या आमच्या खेड्यात परत येतात. मीही जळगावहून, पिंप्राळ्यातल्या भाड्याच्या खोलीतून आलो होतो. घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा तोरा मी कधी लपवला नाही. त्याच तोऱ्यात आईच्या हातचे बिबडे ऑनलाइन विकायला काढले होते. आता ते दुकान त्याच सोमवारी बंद करायचं माझ्या मनात होतं.

बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. लसूण, मिरची, तीळ घालून शिजवलेला घाटा ओल्या फडक्यावर हाताने थापायचा आणि उन्हात वाळवायचा. आई आणि शेजारच्या दोन काकू उन्हाळाभर ते करत. ते कोणाला विकायचे, हे मात्र मी ठरवलं. पुण्या-मुंबईचे, तब्येतीला जपणारे, इंग्रजी वाचणारे लोक. त्यांना आवडावं म्हणून पाकिटावर ‘ज्वारी क्रिस्प्स’ छापलं, खान्देश हा शब्द काढून टाकला, लसूण नावापुरता ठेवायला लावला. आई म्हणाली, “मंग हाऊ बिबडा कसाना, भाऊ?” तुला बाजारातलं कळत नाही, असं मी तिला काकूंसमोर म्हणालो. तिचं बोलणं, तिचा पदर त्या गिऱ्हाइकाला चालणार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे ते मलाच चालत नव्हतं.

त्या लोकांनी एकदा घेतले, सपक लागले म्हणाले, पुन्हा फिरकले नाहीत. डबे घरात भरून राहिले. माल असाच पडून राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात थापायचे नाहीत, असं आईने काकूंना सांगितलं. मला सांगितलं नाही, काकूंना सांगितलं, हे जास्त लागलं. सोमवारी सकाळी मी तिला म्हणालो, आज बंद करून टाकतो सगळं. कानबाईच्या आरतीचं ताट पुसता पुसता ती म्हणाली, “आज तिले जाऊ दे. मंग तुनं तू देख.”

नदीवर बायका फुगड्या घालत होत्या. काठावर एक अनोळखी बाई उभी होती, तिने मला विचारलं, “कोनतं गाव रे भाऊ तुन्हं?” मी शुद्ध मराठीत सांगितलं, “मी जळगावला असतो.” आमचीच नदी, समोर आमचीच कानबाई, शेजारी आई, आणि मी गावाचं नाव गिळलं. चुलतभावाने लगेच चिमटा काढला, “आमना साहेब शे हाऊ, याले गाव नही.” सगळे हसले. आई हसली नाही. देवीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

ती बाई सुरतेला राहणारी. दीर-जावा पांगले आणि त्यांच्या घरची कानबाई बसायची बंद झाली, म्हणून मिरवणूक दिसली तिथे ती थांबली होती. बोलत बोलत आमच्या अंगणापर्यंत आली. आता पेच पडला. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, भाऊबंदांतच खायचा, बाहेर द्यायचा नाही, ही रीत. आणि दारात आलेल्या बाईला रिकामं कसं पाठवायचं? आई क्षणभर अडली, मग आत गेली आणि घरच्या खाण्यासाठी थापलेले भरपूर लसणाचे बिबडे भाजून घेऊन आली.

बाईने पहिला घास घेतला आणि पदराने डोळे टिपले. म्हणाली, “सुरतमा बठ्ठं भेटस, हाई नही भेटस. आमनी बठ्ठी गल्ली साक्रीकडनीच शे. तुम्ही इकतस का, माय?”

आई माझ्याकडे बघत राहिली. विकायचे की नाही, हे तिने माझ्यावर सोडलं. ज्यांना बिबडा म्हणजे काय हे सांगावंच लागत नाही, ती माणसं सुरतेला, नाशकाला, कल्याणला गल्ल्याच्या गल्ल्या राहतात. मला ती गिऱ्हाईक म्हणून दिसलीच नव्हती, कारण ती आमच्यासारखी होती.

“इकतस, अक्का,” मी म्हणालो. किती तरी वर्षांनी चारचौघांत माझ्या तोंडून अहिराणी निघाली, तीही अडखळत.

“येस ना रे तुले,” अक्का हसून म्हणाली. “मंग मघाशी काय झायतं?”

मी खिशातून फोन काढून तिचा नंबर लिहून घेतला.

त्या गल्लीतून पुढच्या उन्हाळ्याच्या बिबड्यांची मागणी आली, मग तिथल्यांच्या नातेवाइकांकडून. पाकिटावर आता ‘खान्देशी बिबडे’ असं ठळक लिहिलेलं आहे. कोणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. रोट देता आला असता तर आईने रोटच दिला असता, बिबडे बाहेर आलेच नसते, एवढंच मला माहीत आहे. जे मागायची हिंमत नव्हती ते कानबाईने दिलं, आणि ज्याने तिच्यासमोर गाव नाकारलं त्याच्या हातात दिलं. ती लाज अजून गेलेली नाही. कानबाईने ती काढून घ्यावी, असं मी मागतही नाही. त्या लाजेमुळेच आता कुठे माझे हात नीट जोडले जातात.

परवा आईने फोनवर विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात ज्वारी किती भिजवू, लसूण किती घालू. मी म्हणालो, “माय, तू ठरव.”