साकुचा चाकू

जळकोटच्या गिरिजाबाईंची पिठाची गिरणी आहे. ती सुरू असली की शेजारच्यालाही ऐकू येत नाही, म्हणून बाया आपलं दुखणं तिथंच बोलतात. आमच्या महिला संघटनेतल्या निम्म्या बाया त्या गिरणीतूनच आल्या. गिरिजाबाई कधी ओरडत नाहीत. ओरडायचं काम माझं.

गायत्री नवऱ्याचा मार खाऊन निघाली ती गिरिजाबाईंकडं आली. माहेरचे परत धाडतात, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नवरा, मल्लेश, दारावर लाथा घालत आला. गिरिजाबाई पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साकु, तम्मा, साकु." त्यांची घरची बोली कानडी. बास कर, भावा, बास, एवढंच त्या म्हणाल्या.

कुणीतरी मोबाईलवर शूटिंग घेतलं. संध्याकाळी रणधीरच्या बातम्यांच्या चॅनेलवर आलं: 'महिला हक्काच्या नावाखाली गुंडगिरी, नवऱ्याला चाकूची धमकी!'

मी रणधीरला चौकात गाठलं. "चाकू कुठं दिसला रं तुला?"

"ताई, साकु कोण बघतंय? लोकं चाकू बघतेत. गिरिजाबाईंची बाजू बी दाखवू की. फक्त जरा जोरात बोलाय लावा त्यांना, पदर-बिदर खोचून."

त्याचा माईक मी नालीत टाकला. त्याचीही बातमी झाली.

बाजारात गिरिजाबाईंना 'चाकूबाई' नाव पडलं. बाया दळण दुसऱ्या गिरणीवर नेऊ लागल्या.

मग गायत्रीचे वडील, शांतलिंगअप्पा, आले. लेकीला मल्लेशकडं पोचवायला. ते स्वतः कानडी बोलणारे. मी म्हणलं, "अप्पा, तुम्हाला तरी कळलं असंल, या काय म्हणल्या ते."

"कळलं की. पयल्यांदा बघितलं तवाच कळलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर सोयरे चाकू म्हणतेत. कुणाकुणाला कानडी शिकवू?"

माझ्या जिभेवर लई आलं होतं. गिरिजाबाईंनी माझं मनगट दाबून धरलं.

अप्पांनी गायत्रीची पिशवी उचलली. "चल, बाळ."

गायत्री उठली नाही. "साकु, अप्पा," म्हणाली. हळूच.

अप्पा पिशवीचा बंद चाळवत उभे राहिले. मग पिशवी होती तिथं ठेवली आणि एकटेच एसटीला गेले.

ती क्लिप अजून फिरतेय. दुरुस्ती कुणी केली नाही.

गिरिजाबाईंनी गिरणी सुरू केली. दळण कुणाचंच नव्हतं. त्या आवाजात गायत्री पोटभर रडली.