सिंहाचा कोपरा

रंगूनच्या मोठ्या पॅगोड्यात प्रत्येक वाराचा एक कोपरा असतो. ज्या वारी आपला जन्म, त्या कोपऱ्यातल्या बुद्धाच्या लहान मूर्तीवर पाणी घालायचं. मूर्तीच्या पायाशी त्या वाराचा प्राणी बसवलेला असतो. भाऊ मंगळवारचा, त्याचा सिंह. माझा वार आम्हा दोघांनाही माहीत नव्हता. आई लवकर गेली आणि शाळेच्या दाखल्यावर अंदाजाने घातलेली तारीख होती. पहिल्या वर्षी मी गोंधळून उभी राहिले तेव्हा भाऊ म्हणाला, "माझ्याच कोपऱ्यात ये की." तेव्हापासून पौर्णिमेची सुट्टी आली की आम्ही दोघं सिंहाकडे जायचो.

भाऊ एका सागवानाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता. जळगावहून मला त्यानेच आणलं, कॉन्व्हेंटात घातलं. घरी आम्ही निम्मं इंग्रजीतच बोलायचो. मी बाहेर कोणाशी बोलत नसे, पण त्याच्याशी बोलायचे. मग तो देशी जाऊन लग्न करून आला. वहिनी धुळ्याकडच्या खेड्यातली, वयाने माझ्याएवढीच. तरी मी नणंद म्हणून मला अक्का म्हणायची.

लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला सकाळी चहा पिताना भाऊ म्हणाला, "होस्टेलवर राहायला आवडेल का तुला? अभ्यासाचं वर्ष आहे, इथे खोल्या दोनच. तुझ्या मनावर आहे. संध्याकाळपर्यंत सांग."

मी नाही म्हणणार होते. सिंहापाशी दोघंच असलो की सांगायचं, असं ठरवून मी ट्रामच्या खिडकीशी बसले. वहिनी त्याच्या शेजारी बसली.

पॅगोड्याच्या पायथ्याशी बूट काढावे लागतात, मोजेही. वहिनी घरूनच अनवाणी आल्यासारखी चटकन वर निघाली. मी बुटांचे बंद सोडत होते. पूर्वी भाऊ माझे बूट हातात धरून थांबायचा. त्या दिवशी मी मान वर केली तेव्हा दोघं फुलवालीपाशी पोचले होते. वहिनीला बर्मी शब्द येत नव्हता, पण तिने त्या बाईच्या वेणीला हात लावून काहीतरी विचारलं आणि बाईने हसून एक फूल फुकट तिच्या केसात खोवलं. त्याच बाईकडून मी इतकी वर्षं फुलं घेत होते.

वर गेल्यावर वहिनी सबंध सोन्याने मढवलेल्या कळसाकडे बघत राहिली. "बठ्ठं सोनं शे?"

"बठ्ठं," भाऊ म्हणाला.

"आन राखाले कोनीच नई?"

"देव राखस."

तो मोठ्याने हसला. आपल्या गावची बोली त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ती तो विसरला असं मी धरून चालले होते.

त्याने तिला वारांचं सांगितलं. मी सिंहाच्या दिशेने चालायला लागले, तर मागून वहिनी म्हणाली, "अक्का, तिकडे कोठे? तुमना वार ते गुरुवार शे. आत्याबाईनी माले सांगेल शे."

लग्नात आमच्या आत्याने तिला घरातल्या सगळ्यांचे वार सांगून ठेवले होते. हे सांगताना तिचा चेहरा इतका आनंदी होता, की तिने मला काहीतरी भेट आणून दिली आहे असं वाटावं.

"अरे वा," भाऊ म्हणाला. "म्हणजे तुझा उंदीर. पलीकडच्या बाजूला बघ."

"गणपतीबाप्पानं वाहन," वहिनी म्हणाली.

"आणि हिचा वार?" मी विचारलं.

"मना वार कोनले माहीत? कापूस येचानी येळ व्हती, इतलंच माय सांगे."

भाऊने क्षणभरही विचार केला नाही. "मग तू माझ्याच कोपऱ्यात ये," तो तिला म्हणाला.

उंदराच्या कोपऱ्यात एक म्हातारी होती. मी पाणी कमी घातलं असं वाटून तिने पेला माझ्या हातात पुन्हा भरून दिला. मी पुन्हा घातलं. तिथून सिंह दिसत नाही, मधे सबंध पॅगोडा येतो. नुसता वहिनीच्या हसण्याचा आवाज कुठून तरी येत होता, की मलाच तो ऐकू येत होता, सांगता येणार नाही. मी बराच वेळ तिथेच बसले. कोणी शोधायला येतं का, हे बघत होते. कोणी आलं नाही. शेवटी मीच उठून गेले, तर दोघं सावलीत बसून घरून आणलेल्या केळ्यांतल्या माझ्या वाट्याच्या केळ्यांची सालं काढत होती.

परतताना ट्राममध्ये मी म्हणाले, "मी होस्टेलवर जाते."

"कसाले, अक्का?" वहिनीने माझं मनगट धरलं. "मनं काही चुकनं का?"

भाऊ रस्त्याकडे बघत होता. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"सुट्टी संपली की."

"बरं," तो म्हणाला. वहिनीने उतरेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.