तांबूस बिअरची पाककृती

घरी केलेल्या बिअरचा ग्लास मी खिडकीच्या उजेडात धरला. ती मधासारखी तांबूस दिसायला हवी होती. दिसत होती काढ्यासारखी. या वेळी जमलं नाही तर हा नाद सोडायचा, असं मी थकून ठरवलं होतं. मोड आणून भाजलेल्या सातूचे दुकानात मिळाले तेवढे सगळे प्रकार मी पाककृतीत घातले होते.

बायकोने एक घोट घेतला. "अहो, घरातले सगळे मसाले एकाच आमटीत घालतं का कुणी?"

नवशिक्याचं आणि सत्काराच्या वक्त्याचं हेच होतं. माहीत असलेलं काहीच वगळवत नाही.

"पुढच्या वेळी एकच प्रकार घाला."

"तरी बिघडली तर?"

"निदान कशाने बिघडली ते कळेल."

इतका माफक दिलासा मला बऱ्याच दिवसांत कुणी दिला नव्हता. मी पुन्हा बिअरची भांडी घासायला घेतली.