कडेला उभे राहण्याचा अर्ज

दुर्गच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शिक्षण आठवीपर्यंतचे, पण माझ्या हातचा अर्ज साहेबाच्या टेबलावर गेला की तो त्याला शेवटपर्यंत वाचावाच लागतो, असे वकीलमंडळीही म्हणत. बढाई म्हणून हे लिहीत नाही. पुढची हकिकत नीट समजावी म्हणून एवढे सांगणे भाग आहे.

तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि कुम्हारीकडे जाणारा मोठा रस्ता रुंद होत होता. आम्ही भिलाईत राहत असू. धाकटी बहीण आणि तिचे यजमान शेजारच्याच खोलीत. जावईबुवांना ठेकेदाराकडे झंडी दाखवण्याचे काम मिळाले. रस्त्याची एक बाजू खोदलेली. उरलेल्या अर्ध्या पट्ट्यावरून दोन्हीकडच्या गाड्या आळीपाळीने सोडायच्या. एका टोकाला जावईबुवा, दुसऱ्या टोकाला एक छत्तीसगढी गडी. एकाने लाल धरली की दुसऱ्याने हिरवी धरायची. मधल्या खोदकामावर रेजा, म्हणजे मजूर बाया, डोक्यावरून गिट्टीची घमेली वाहत असत.

काम वरून पाहता सोपे होते. मात्र जावईबुवा उभे राहत ते रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्या ट्रकच्या थेट तोंडाशी.

यामागे त्यांच्या घरचा इतिहास होता. वडील नागपूरकडून येऊन दुर्ग लाइनवर गँगमन झाले होते. एकदा तुटलेला रूळ पाहून त्यांनी रुळांमध्ये उभे राहून लाल झंडी धरली आणि भरधाव मेल थांबवली. ती गोष्ट त्या घरात सणासुदीला सांगितली जाई. लाल झंडी दिसली की गाडी थांबते, हे जावईबुवांच्या अंगात दुधाबरोबर मुरलेले होते. रेल्वेचा ड्रायव्हर झंडीला बांधलेला असतो, ट्रकवाला कोणालाच बांधलेला नसतो, हा भेद त्यांच्या मनात शिरत नव्हता.

बहिणीला हे कळले ते एका दुपारी. ती रायपूरहून बसने परत येत होती. बस करकचून थांबली, बायकांची डोकी पुढच्या बाकांवर आपटली, आणि समोरच्या काचेपलीकडे तिला स्वतःचा नवरा उभा दिसला. त्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"दादा, तुमी सांगा त्याइले. माझं ते आयकत नाई. काचेतून हात काढला असता तं टोपी काढून घेतली असती मी त्याइची, इतके जवळ होते."

"मी काय सांगू? जावई आहेत ते घरचे."

"जावई आहेत म्हणून मरू द्याचं काय?"

बहिणीच्या नवऱ्याला हुकूम करण्याची आमच्यात रीत नाही. मी चहाला बोलावून, पाट देऊन, मानाने विषय काढला. उभे राहायचे ते कडेला, पळायला मोकळी जागा ठेवून, गाड्यांकडे पाठ न करता.

"भाऊ, कडेले उभं राहून झंडी कोनाले दाखवू? बाभळीले?" ते हसून म्हणाले. "आमच्या बाबानं मेल थांबोली. हे तं ट्रक आहे."

"मेलचा ड्रायव्हर वेगळा, जावईबुवा."

"मंग तुमच्या अर्जानं थांबत असन ट्रक तं तोच दाखवून पायतो उद्या."

हे मला लागले. मी दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याच्या साहेबांच्या नावे अर्ज लिहिला. काम सुरू होण्याच्या बरेच आधी सूचनेची पाटी असावी, चुना लावलेले ड्रम ओळीने मांडून गाड्यांचा वेग मोडावा, म्हणजे झंडीवाल्यास कडेला उभे राहूनही आपले काम करता येईल, अशी नम्र विनंती केली. माझ्या आयुष्यातील चांगल्या अर्जांपैकी तो एक होता. साहेबांनी वाचला आणि म्हणाले की ही बाब ठेकेदाराची आहे. ठेकेदाराच्या मुन्शीने वाचला नाही. ड्रम डांबराचे आहेत, ते रिकामे होतील तेव्हा बघू, आणि पाटीचे खात्याला विचारा, असे तो म्हणाला. मी पुन्हा लिहिले, पुन्हा गेलो. अखेर एक पाटी आली. 'सावधान, काम चालू है.' मुन्शीने ती जावईबुवा जिथे उभे राहत अगदी तिथेच रोवली. जो ट्रकवाला ती वाचण्याइतका जवळ येई, तो जावईबुवांपर्यंत पोचलेलाच असे.

बहीण रोज विचारी, "दादा, काही झालं काय?" तेव्हा एका सकाळी मी कचेरी बुडवून स्वतः रस्त्यावर गेलो. जे कागदाने होत नाही ते समोर उभे राहून करून दाखवावे, असे मनात होते.

मी बोलू लागलो तोच जावईबुवांनी पोट धरले.

"भाऊ, बोलनं मंग. पयले हे धरा जरा. मी शेतातून येतो. लाल वरतं, हिरवी खाली."

मी झंड्या घेतल्या आणि कडेला उभा राहिलो. अर्जात लिहिल्याप्रमाणे: तोंड गाड्यांकडे, मागे उडी मारायला जागा, लाल झंडी हात ताणून वर. पलीकडच्या गड्याने माझी लाल पाहिली आणि हिरवी दाखवून त्याच्या गाड्या सोडल्या.

माझ्या बाजूने ट्रक आला. थांबला नाही. मी झंडी जोराने हलवली. मागचाही थांबला नाही. अर्ध्या पट्ट्यावर दोन्हीकडचे ट्रक समोरासमोर आले आणि माझ्या बाजूच्या पहिल्या ट्रकवाल्याने चाके खोदकामाकडे वळवली. रेजांनी घमेली टाकून उड्या मारल्या. एक जण गिट्टीवर पडली, तिचा गुडघा फुटला. ट्रकचे चाक खड्ड्याच्या काठावर येऊन थांबले. मी अजून कडेलाच होतो आणि झंडी वरच होती.

जावईबुवा शेतातून धावत आले. त्यांनी माझ्या हातून लाल झंडी ओढली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिसरा ट्रक त्यांच्या छातीपुढे थांबला. तो थांबला.

खड्ड्याकडे वळलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता.

"बाबूजी, आप किनारे खड़े थे, तो हम समझे आप सवारी हैं, बस रोक रहे हैं."

परतताना जावईबुवांनी दोन्ही झंड्या स्वतःच्या काखेत धरून घरी आणल्या.

संध्याकाळी बहिणीने आम्हा दोघांना एकत्रच वाढले.

"पायलं ना दादा? आता कडेले उभे राह्यतेत ना हे?"

मी म्हणालो, "नाही. कडेला उभं राहिलं तर कोणी थांबत नाही. मी उभा राहून पाहिलं."

तिने हातातली भाकरी माझ्या ताटात ठेवली.

"मंग तुमी गेले कायले?"

त्यानंतर मी त्या कामाविषयी अर्ज लिहिला नाही. कोणाच्या नावे लिहायचा आणि काय मागायचे, हेच उरले नव्हते. बहिणीनेही पुन्हा विचारले नाही. धुळीने लाल रंग विटून मातीसारखा दिसतो, हे तिच्या लक्षात आले होते. रस्ता पूर्ण होईपर्यंत ती रोज संध्याकाळी लाल झंडी साबणाने धुऊन दारातल्या तारेवर वाळत घाली. हिरवी रविवारी धुतली तरी चाले.