पोह्यांचं फंक्शन

फोडणीत मोहरी तडतडली की मला करोल बागेतली आमची तिघांची खोली आठवते. दोघे रूममेट कलेक्टर व्हायच्या तयारीत, मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होतो. तिघांची नावं दिली की किती मुठी पोहे भिजवायचे ते सांगणारं फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिलं होतं. एका सोमवारी नोकरीची मुलाखत होती, तिच्यात दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. आदल्या दिवशी, रविवारी, लातूरहून दोन मित्र बॅगांसह थेट दारात उतरले. मी पाच नावं टाकली, तर स्क्रीनवर लाल एरर. “यार, तुझ्या प्रोग्रामला पाहुणे चालत नाहीत?” पोहे धुता धुता एक रूममेट म्हणाला, “गावाकडून कोण कधी टपकेल, आपल्याला आधी कळतं का?” मी चिडलो, पण त्याचं बरोबर होतं. कोडमध्ये नावांसाठी मोजून तीनच जागा होत्या; त्या काढून एकच ठेवली आणि तिच्याआधी स्टारचं चिन्ह (*) लावलं, म्हणजे कितीही जण आले तरी चालतील. पाच जणांचं उत्तर आलं. तेवढ्यात वासाने घरमालकीण आंटी वर आल्या, “क्या बन रहा है?” त्यांचंही नाव टाकलं; कोडला हात न लावता सहा जणांचं उत्तर आलं. मुलाखतीत तेच दाखवलं, नोकरी मिळाली. आता गुरुग्रामला मी दोघांचे पोहे भिजवताना दोन मुठी जास्तच घेतो, तेव्हा बायको विचारते, “एवढे कशाला?” मी म्हणतो, “कुणी आलं तर?”