काटा शहात्तरवर आला की

"लिव्हरवर चरबी साठली आहे," सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवत डॉक्टरबाई म्हणाल्या. "ग्रेड टू फॅटी लिव्हर. शुगरपण काठावर आली आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण दहा किलो वजन उतरवावंच लागेल."

मी पर्सचा पट्टा मुठीत धरला. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला वाटलं, लिव्हरचं नाव ऐकून घाबरली. तसं नव्हतं. मी घाबरले होते ते शेवटच्या वाक्याला.

मी बेचाळीस वर्षांची. राहते नांदेडला, नोकरी भोकरच्या शाळेत. त्या दिवशी माझं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. एचबीएवनसी नावाची एक रक्ततपासणी असते, तिच्यात मागच्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी कळते. ती माझी वाढलेली होती. थायरॉइड ठीक होतं. म्हणजे करायचं ते एवढंच: कमी खायचं, चालायचं, वजन उतरवायचं. हे वाचणाऱ्या कितीतरी जणींना डॉक्टरांनी हेच सांगितलं असेल. वजन एक किलो उतरतं, दोन किलो चढतं आणि रडू येतं, हेही त्यांना माहीत असेल. माझ्या चढउतारामागे मात्र आणखी एक गोष्ट होती. ती मी दीड वर्ष कुणालाच सांगितली नाही.

माझी मोठी बहीण लातूरजवळच्या मुरुडला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणायचो. घरात दोघीच जाड, त्यामुळे लग्नकार्यात सगळे आम्हाला हसायचे. एका वर्षी दोघींनी ठरवलं, आता बारीक व्हायचंच. दर रविवारी सकाळी फोनवर एकमेकींना वजन सांगायचं.

माझं जागचं हलेना. अक्काचं मात्र भराभर उतरायला लागलं. एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर. एका रविवारी तिचा फोन आला.

"शैला, आज शहात्तर!"

"अगं काय खायलीस तरी काय? मला पण सांग की."

"काही न्हाई गं. भूकच लागत न्हाई आजकाल. भाकरी समोर आली की नको वाटतं."

"नशीबवान आहेस बाई," मी म्हणाले. "मला तर रात्रंदिवस भूक."

हे मी म्हणाले. मीच. तिने भूक लागत नाही म्हणून सांगितलं आणि मी तिला नशीबवान म्हणाले.

पुढे दीड-दोन महिन्यांत तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पाहुण्यांच्या लग्नात सगळ्या बायका कौतुकाने तिच्याभोवती जमल्या होत्या. मी तिचे फोटो काढले. मग डोळे पिवळे झाले तेव्हा तिला लातूरला नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पॅनक्रियाज म्हणतात ते, पोटात मागच्या बाजूला असतं, लवकर कळत नाही. अक्का त्यानंतर पाच महिने होती. शेवटी तिला उचलून खाटेवर ठेवताना माझ्या हातांना वजन असं लागलंच नाही.

डॉक्टरबाईंनी मला वजन उतरवायला सांगितलं ते यानंतर दोन वर्षांनी.

मी मन लावून सुरुवात केली. सकाळी पाच-सव्वापाचला चालायला जायची. भात बंद. एक भाकरी, भाजी, वरण, काकडी. शाळेच्या डब्यात मोड आलेली मटकी. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो उतरले. मग एका सोमवारी काट्याने दीड किलो जास्त दाखवलं. मी त्या दिवशी उपाशी राहिले. मंगळवारी परत तेवढंच. बुधवारी एक किलो कमी. मी दिवसातून तीनदा काट्यावर उभी राहायला लागले.

डॉक्टरबाईंनी समजावलं. "एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नसते. आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

आठवलं. शाळेत मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेवचिवडा, लोणचं.

"मीठ जास्त गेलं की अंगात पाणी धरून राहतं. पाळीच्या आधी तेच होतं. पोट साफ नसलं तरी काटा वर जातो. नवा व्यायाम सुरू केला की स्नायूही पाणी धरतात. आठवड्यातून एकदाच बघा, सकाळी, काही न खाता. आणि महिन्याचा हिशोब धरा, दिवसाचा नाही."

हे मला पटलं. हे ज्यांना कुणी सांगितलं नाही त्यांनी जरूर लक्षात ठेवावं. मी वही केली. दर रविवारी आकडा लिहायचा. वजन हळूहळू ब्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर झालं. आणि एका रविवारी सकाळी काट्यावर शहात्तर दिसलं.

मी काट्यावरून खाली उतरले आणि कॉटवर बसून राहिले. कानात अक्काचा आवाज आला, जसाच्या तसा. शैला, आज शहात्तर. मी पोट चाचपून पाहिलं. अक्काला दुखायचं तसं पाठीत दुखतंय का, आठवायला लागले. आरशाजवळ जाऊन खालची पापणी ओढली, पिवळं दिसतंय का बघितलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातले शेंगदाण्याचे लाडू उभ्या उभ्या खाल्ले. किती ते माहीत नाही. पोट जड झालं तेव्हा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरात मी परत ऐंशीवर होते. मग लिव्हरची भीती, मग परत चालणं, परत काकडी. असं तीनदा झालं. वजन वाढलं की रडायची, उतरलं की खायची. घरातले म्हणायचे, हिला जिभेवर ताबा नाही. मी ते ऐकून घ्यायची. खरं सांगण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत अक्काची मुलगी पूजा आमच्याकडे आली. ती लातूरला शिकते. तेव्हा मी सत्याहत्तरवर होते. दारातच तिने मला मिठी मारली, मग जरा मागे होऊन बघत राहिली.

"मावशी, तू आईसारखी दिसायलीस."

तिने प्रेमाने म्हटलं होतं. मी त्या दिवसापासून सकाळचं चालणंच बंद केलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी माझी वही मागितली. बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील.

"शैलाताई, तुम्ही तीनदा इथपर्यंत आलात आणि तीनदा परत फिरलात. नेमक्या याच आकड्यावरून." त्यांनी पेनाने शहात्तरभोवती गोल केला. "इथे काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. त्या थांबून राहिल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, तरी त्या थांबून राहिल्या. मग मी सांगितलं. रविवारचे फोन, बांगड्या, नशीबवान म्हणाले ते.

त्यांनी मला पाणी दिलं. तुम्ही उगाच घाबरता, असं म्हणाल्या नाहीत. "पोटाची सोनोग्राफी आपण केलेली आहे, तरी मी सीटी स्कॅन लिहून देते. तुमच्या घरात हा आजार झालाय, त्यामुळे शंका ठेवायची नाही. पण एक लक्षात घ्या. तुम्हाला भूक लागते, तुम्ही ठरवून कमी खाता, चालता, म्हणून वजन उतरतं. तुमच्या बहिणीचं काहीतरी बिघडल्यामुळे उतरत होतं. काट्यावर दोन्ही सारखंच दिसतं. शरीरात सारखं नसतं."

सीटी स्कॅन म्हणजे एका गोल यंत्रातून शरीराचे आडवे फोटो काढतात. हातात सुई टोचून औषध सोडतात, तेव्हा अंगातून एकदम गरम लाट जाते. दुखत नाही. रिपोर्टला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी शाळेत मुलांना काय शिकवलं मला आठवत नाही. रिपोर्ट चांगला आला. चरबीचं लिव्हर सोडून बाकी सगळं नीट.

तरी भीती गेली नाही. मग डॉक्टरबाईंनी मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. आमच्याकडे असल्या ठिकाणी जायचं म्हणजे लोक वेगळंच समजतात, म्हणून मी शाळेत दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगायची. तिसऱ्या खेपेला त्या बाई म्हणाल्या, "हे तुमच्या भाचीशी बोललात का?"

मी एसटीने लातूरला गेले. अक्काला नेलेलं हॉस्पिटल रस्त्यात लागतं. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. पूजाच्या खोलीवर तिने चहा टाकला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिच्या आईला मी नशीबवान म्हणाले होते, हे तिला माहीत नव्हतं.

पूजा गॅससमोर पाठमोरीच उभी राहिली.

"मावशी, आई जेवण तसंच झाकून ठेवायची. मी रोज बघायची," ती म्हणाली. "पण त्या लग्नात ती लई छान दिसत होती. मला वाटलं, राहू दे. अजून थोडी बारीक होऊ दे."

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिने मला माफ केलं असं म्हणता येणार नाही, मीही तिला काही समजावलं नाही. फक्त एवढं झालं, की हे आता दोघींकडे होतं.

त्यानंतरच्या चौथ्या रविवारी काट्यावर पंच्याहत्तर आणि काही ग्रॅम दिसलं. मी पूजाला फोन लावला. "भूक लागलीय का तुला?" तिने विचारलं. "हाव," मी म्हणाले. "मग खा नाष्टा, रोजच्याइतका." मी रोजच्याइतकाच खाल्ला. आता मी त्र्याहत्तरवर आहे. कधी चौऱ्याहत्तर होतं, कधी खाली जातं. साखरेची सरासरी उतरली, लिव्हर ग्रेड वनवर आलं. काही रविवारी अजूनही पापणी ओढून बघते.

मागच्या महिन्यात शाळेत एक गोष्ट झाली. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या गंगाबाई चांगल्याच बारीक झाल्या होत्या. स्टाफरूममध्ये कौतुक चाललं होतं. कुणी विचारत होतं, कुठला काढा घेता? गंगाबाई लाजून हसत होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"गंगाबाई, ठरवून उतरवलंय का?"

"न्हाई हो बाई. खाते तर दुप्पट. तरी उतरायलंय. छातीत धडधड बी व्हायली."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. थायरॉइड जास्त काम करत होतं, हायपरथायरॉइड म्हणतात त्याला. त्यात खाऊनही माणूस वाळतो. गोळ्यांनी आटोक्यात येतं, डॉक्टर म्हणाले.

रिपोर्ट घेऊन परतताना रिक्षात गंगाबाई म्हणाल्या, "बाई, सगळे म्हणले छान दिसायलीस. तुम्हालाच कसं विचारावं वाटलं?"

मी रिक्षाची दांडी घट्ट धरली. मग त्यांना अक्काचं सांगायला सुरुवात केली.